नाशिकच्या गरमीत पीच: लवकर पिकणारी जात, डिसेंबरचा ताण आणि एप्रिलची फळं

नाशिकमध्ये पीच येतं का असं कोणी विचारलं की मी आधी उलटं विचारतो, कुठलं पीच? कारण जून-जुलैत कॉलेज रोडच्या गाड्यांवर जे लालचुटूक पीच दिसतं ते हिमाचल, उत्तराखंडकडचं असतं, तिकडे सिरमौर जिल्ह्यातल्या राजगडला तर पीच व्हॅलीच म्हणतात, आणि त्या डोंगरी जातींना जेवढी थंडी लागते तेवढी आपल्याकडे पडत नाही, विषय संपला. ते फळ खाऊन कोय कुंडीत खुपसणारे बरेच असतात, त्यातली एखादी उगवतेही, झाड मस्त वाढतं, पानं लांब हिरवीगार, आणि फळाच्या नावाने शंख. झाडाची चूक नाही, जात चुकलेली असते.

पीचच्या झाडाला हिवाळ्यात झोप लागते. त्या झोपेत साधारण ७ अंशांच्या खाली किती तास गेले याचा हिशोब फांदीवरच्या डोळ्यांमध्ये, म्हणजे जिथून फूल-पान फुटतं त्या कोंबांमध्ये, चालू असतो, आणि जातीप्रमाणे तो हिशोब पूर्ण झाल्याशिवाय डोळे नीट फुटत नाहीत. डोंगरी जातींना असे ८००-१००० तास लागतात. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १०-१२ च्या आसपास आणि दुपारी २८-२९, वरून दुपारचं ऊन रात्री कमावलेली थंडी थोडी खाऊन टाकतं. निफाडचा पारा थंडीच्या लाटेत ५-६ अंशांपर्यंत उतरतो, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा दर हिवाळ्यात पेपरात येतो, पण ते काही दिवसच. त्यामुळे आपल्याला १५०-२०० तासांवर भागणाऱ्या जातीच घ्यायच्या, ४०० वाली कोणी कितीही गोड बोलून विकली तरी नको.

अशा जाती आहेत, आणि त्या काही कोणी काल-परवा शोधलेल्या नाहीत. अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठाने गेल्या शतकात १९५० च्या दशकापासून या कामाला हात घातला, त्यातून फ्लोरडासन, फ्लोरडाप्रिन्स वगैरे आल्या. फ्लोरडाप्रिन्स १९८२ ची, १५० तासांच्या आसपास थंडीवर भागणारी, पिवळ्या गराची. टेक्सासची अर्ली ग्रँड थोडी जास्त थंडी मागते, २०० च्या पुढे. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने पंजाबच्या मैदानी भागासाठी शान-ए-पंजाब, प्रताप, प्रभात, फ्लोरडाप्रिन्स, अर्ली ग्रँड अशा जातींची शिफारस केलेली आहे, आणि आपल्याकडे रोपं येतात ती बहुतेक त्याच बाजूची. जुनी शरबती पण चांगली, चवीला तर झकास, पण ती उत्तरेत जूनच्या शेवटाला पिकते, म्हणजे आपल्याकडे फळ रंगात यायचं आणि वरून मृगाचा पाऊस, फळमाशी आणि सड तिघं एकदम हजर.

लवकर पिकण्याला एवढं महत्त्व का, तर आपला हंगामच तसा आहे. जानेवारीत फुललेली फ्लोरडाप्रिन्स ८०-९० दिवसांत तयार होते, म्हणजे एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात ताटात. मे संपायच्या आत झाड रिकामं पाहिजे. थंडी कमी लागणारी पण उशिरा पिकणारी जात आणि थंडी कमी लागणारी लवकर पिकणारी जात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, नर्सरीवाल्याला दोन्ही विचारा, थंडी किती आणि फुलापासून फळ किती दिवसांत. ज्याला दुसऱ्याचं उत्तर देता येत नाही त्याच्याकडून मी तरी घेणार नाही.

कलमाचंच रोप घ्या. लवकर पिकणाऱ्या जातीची कोय लावण्यात अजून एक गंमत आहे, फळ इतक्या घाईत पिकतं की आतलं बी पूर्ण तयारच झालेलं नसतं, त्यामुळे ते बऱ्याचदा उगवतच नाही, नवीन जाती काढणारे शास्त्रज्ञसुद्धा असे कोवळे गर्भ प्रयोगशाळेत काचेच्या नळीत वाढवतात. तेव्हा फळ खाऊन कोय टाकून द्या, वेळ वाचेल. रोप घेताना कलमाचा सांधा नीट जुळलाय का बघा आणि मुळं उघडी असतील तर त्यावर गाठी आहेत का ते नक्की बघा. गाठी म्हणजे सूत्रकृमी, मुळांत शिरणारे डोळ्याला न दिसणारे बारीक जंत, आणि ज्यांच्या जमिनीत आधी डाळिंब किंवा टोमॅटो होता त्यांना हे सांगायला नको. नेमागार्ड किंवा फ्लोरडागार्डसारख्या सूत्रकृमीला दाद न देणाऱ्या खुंटावरचं (खुंट म्हणजे कलमाच्या खालचा, मुळांचा भाग) रोप मिळालं तर दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. नाही मिळालं तर लावायच्या आधीच्या हंगामात त्या जागेत झेंडू घ्या, फायदा होतो.

उत्तरेकडून डिसेंबर-जानेवारीत पानं नसलेली, उघड्या मुळांची रोपं पार्सलने येतात. ती आली की त्याच दिवशी मुळं पाण्यात तासभर ठेवून लावून टाका, कॉलनीतल्या सगळ्यांना दाखवून होईपर्यंत मुळं सुकवू नका. पिशवीतलं रोप असेल तर पावसाचा पहिला जोर ओसरल्यावर लावा.

आता जमीन. पीचला पायात पाणी अजिबात चालत नाही. मुरमाड, निचऱ्याची जमीन असेल, म्हणजे पेठ रोड, दिंडोरीकडची उताराची वगैरे, तर नशीबवान आहात. काळ्या जमिनीत मात्र दोन बाय दोनचा खड्डा घेऊन शेणखताने भरला की पावसाळ्यात तो हौद होतो आणि झाड ऑगस्टमध्ये पिवळं पडून बसतं, काही कळायच्या आत जातं. काळ्यात खड्डा नको, उंचवटा करा, दीड-दोन फूट उंच आणि चार-पाच फूट रुंद गादी, माती, मुरूम, शेणखत कालवून, आणि त्यावर रोप. कलमाचा सांधा मातीच्या वीतभर वर राहिला पाहिजे. त्र्यंबक, इगतपुरीकडे जो पाऊस पडतो त्यात पीच लावायच्या भानगडीत पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे, त्यापेक्षा निफाड, सिन्नर, दिंडोरीचा पूर्व भाग, ओझर-पिंपळगाव ही बाजू बरी, आणि शहरात गंगापूर रोडपासून आडगावपर्यंत ज्याच्या अंगणात सहा तास ऊन येतं त्याने करून बघावं.

चुनखडीच्या जमिनीत अजून एक त्रास, नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहतात. ते लोह न मिळाल्यामुळे. द्राक्षाला वापरतो ते चिलेटेड लोह घेऊन कृषी केंद्रवाल्याने सांगितलेल्या प्रमाणात संध्याकाळी फवारा, दोन-तीन वेळा लागतं. नुसतं युरिया टाकून पान हिरवं करायला जाऊ नका, त्यातून लोह मिळत नाही, झाड नुसतं वाढेल.

अंतर शेतात असेल तर १८-२० फूट, घरी १०-१२ फुटांवर पण जमतं, फक्त कात्री हातात ठेवावी लागते. गच्चीवर करायचं असेल तर ५०-६० लिटरचा ड्रम, तळाला भरपूर भोकं, आणि मे महिन्यात ड्रमला ओलं गोणपाट, कारण मुळं उकडतात. परागीकरणासाठी दुसऱ्या झाडाची गरज नाही, या जाती स्वतःच्याच परागावर धरतात, एक झाड पुरे.

रोप लावलं की जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर शेंडा मारा. जीव हळहळतो पण मारा. त्यातून ज्या फांद्या फुटतील त्यातल्या चारी दिशांना जाणाऱ्या तीन-चार ठेवायच्या, मधली जागा मोकळी, वरून बघितलं तर झाड कपासारखं पोकळ दिसलं पाहिजे. आपल्या उन्हात पूर्ण उघडी पडलेली खोडं भाजतात, साल फाटते आणि मग तिथून किडा आत शिरतो, म्हणून खोडाला आणि जाड फांद्यांच्या वरच्या अंगाला चुना किंवा पांढरा पाण्याचा रंग निम्मं पाणी घालून फेब्रुवारीतच लावून टाका.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी नाशिकच्या माणसाला वेगळं शिकायची गरजच नाही. थंड प्रदेशात झाड आपोआप पानं गाळतं आणि झोपतं. आपल्याकडे ते डिसेंबरातही अर्धी जुनाट पानं अंगावर घेऊन ताटकळत उभं राहतं, ना धड झोप ना धड जाग, मग फेब्रुवारीत एक फांदी फुलते, मार्चमध्ये दुसरी, एप्रिलमध्ये शेंड्याला चार पानं, खाली डोळे आंधळे. यावर उपाय म्हणजे आपण डाळिंबाला करतो तोच, ताण द्यायचा म्हणजे पाणी तोडायचं, पानगळ करायची आणि बहार धरायचा. गरम देशांमध्ये पीचवाले हेच करतात, हाताने पानं ओरबाडतात. मालेगाव-सटाण्याकडच्या माणसाला हे सांगितलं की तो म्हणतो मग यात नवीन काय, आणि खरंच आहे त्याचं.

नोव्हेंबरच्या मध्यापासून पाणी कमी करत न्या आणि महिनाअखेरीला बंद. हलक्या जमिनीत तीन आठवड्यांत ताण बसतो, काळ्यात जमीन ओल धरून ठेवते म्हणून जास्त लागतात, तेव्हा तारखेपेक्षा पान बघा, दुपारी पानं कडेने वळायला लागली, शेंडे थांबले, जुनी पानं पिवळी व्हायला लागली की बस. फांद्या सुरकुतेपर्यंत ताणू नका, लहान झाडाला पहिली दोन वर्षं तर ताण देऊच नका, त्याला वाढू द्या. मग डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, थंडीची लाट येतीये असं दिसलं की पानं काढायची. हाताने काढा, फांदीच्या शेंड्याकडून बुडाकडे नाही हं, बुडाकडून शेंड्याकडे हात न्यायचा, म्हणजे पान देठासकट निघतं आणि देठाच्या बेचक्यातला डोळा तुटत नाही. ते डोळे जवळून बघा. बऱ्याच ठिकाणी तीन-तीन एकत्र असतात, मधला टोकदार बारीक तो पानाचा आणि दोन बाजूंचे गुबगुबीत, लव असलेले ते फुलांचे. एकदा हे ओळखता आलं की छाटणी कोणी शिकवायची गरज पडत नाही, कुठली काडी ठेवायची ते काडीच सांगते.

हायड्रोजन सायनामाइडचं विचारणारे हमखास असतात, द्राक्षाला ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून लावतो ते. पीचवरही जगात वापरतात, पण मात्रा चुकली किंवा डोळा हलल्यावर मारलं तर फुलांचे डोळे जळून जातात, आणि ते माणसालाही घातक आहे, हाताळल्यावर पुढचे काही दिवस दारू घेतली तर जिवावर बेतू शकतं. घरच्या दोन-चार झाडांसाठी ते आणूच नये. हाताने पानगळ आणि १५० तासांची जात, एवढ्यात काम होतं.

पानं काढल्यावर हलकी छाटणी. पीचचं फळ गेल्या पावसाळ्यात आलेल्या काडीवरच येतं, दोन वर्षांच्या जुन्या लाकडावर येत नाही, द्राक्षवाल्याला हे लगेच पटतं. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, लालसर झाक असलेल्या काड्या ठेवा, त्यांचा वरचा एक तृतीयांश उडवा, आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या, सरळ आभाळात गेलेल्या पाणकाड्या काढून टाका. याच वेळी, पान एकही नसताना, बोर्डो मिश्रणाची, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या पाण्याची, एक फवारणी करून घ्या. पानं असताना मात्र पीचवर बोर्डो किंवा कुठलंही तांबं अजिबात मारू नका, पानं जळतात, भोकं पडतात आणि गळतात, द्राक्षाचा उरलेला पंप पीचवर रिकामा करायची सवय असेल तर ती इथे नडते.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कुजलेलं शेणखत दोन-तीन घमेली आणि भरपूर पाणी. पुढच्या तीन-चार आठवड्यांत गुलाबी फुलं येतात, पानांच्या आधी, अख्खी काडी गुलाबी. फुलात कीटकनाशक नको, मधमाश्या फिरतात. फूल सरताना कोवळ्या शेंड्यांवर मावा बसतो आणि पानं गुंडाळली जातात, सुरुवातीलाच निंबोळी अर्क घेतला तर आटोक्यात राहतो, पान एकदा वळलं की आतल्या माव्यापर्यंत काही पोचत नाही.

आता विरळणी, आणि इथेच सगळे कच खातात. बहार चांगला धरला की काडीवर फळं अक्षरशः चिकटून चिकटून लागतात, आणि घरातलं कोणी ना कोणी म्हणतंच की राहू दे ना, देवाने दिलंय. राहू दिलं तर सुपारीपेक्षा थोडं मोठं, आंबट, नुसती लव आणि कोय असं फळ मिळतं. उशिरा पिकणाऱ्या जातीला फळ फुगवायला चार-पाच महिने असतात, आपल्या जातीकडे जेमतेम तीन, म्हणून हिची विरळणी लवकर आणि कडक पाहिजे. फळ बोराएवढं झालं की, म्हणजे फुलानंतर तीन-चार आठवड्यांत, कोय कडक व्हायच्या आत, काडीवर वीतभर अंतराने एक फळ ठेवायचं. जोडीतलं एक काढायचंच. खालच्या अंगाला लटकलेलं ठेवा, वरच्या अंगाचं उन्हात भाजतं. अंगठा आणि बोटात धरून हलकं पिरगाळलं की देठातून सुटतं, ओढू नका, ओढलं की शेजारचं पण येतं. संपल्यावर झाडाखाली पडलेला सडा बघून वाईट वाटतं, वाटू द्या, द्राक्षाचा मणी काढताना आपल्याला कुठे वाईट वाटतं.

मार्चपासून फळ फुगायला लागतं आणि शेवटचे तीन-चार आठवडे पाण्याचे. ठिबक असेल तर झाडाच्या दोन्ही बाजूंना, खोडापासून दीड-दोन फूट लांब ड्रिपर ठेवा आणि खाली पाचटाचं जाड आच्छादन. आज कोरडं आणि उद्या पूर असं करू नका, लवकरच्या जातींमध्ये कोय आतल्या आत फुटायची खोड असते आणि पाण्याच्या अशा झटक्यांनी ती वाढते, फळ वरून चांगलं दिसतं, कापल्यावर आत डिंक आणि कधीकधी बुरशी.

मार्च-एप्रिलची गारपीट आपल्या हातात नाही, पण जाळी आहे. पोपट, बुलबुल आणि खारी रंग आल्या आल्या येतात, त्यांना आपल्याआधी कळतं. द्राक्षबागेची जुनी बर्ड नेट मिळाली तर उत्तम, नाहीतर डाळिंबावर टाकतात तशा जुन्या साड्या पश्चिमेच्या बाजूने बांधा, पाखरं आणि दुपारचं ऊन दोन्हीचं काम होतं. फळमाशीसाठी आंब्याला लावतात तोच मिथाईल युजेनॉलचा सापळा मार्चअखेरीला टांगून टाका, आंब्याची माशी आणि पीचची माशी दोन्हीचे नर त्यात येतात. पडलेलं पिकलेलं किंवा किडकं फळ झाडाखाली एक दिवसही ठेवू नका, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात ठेवा आणि मग खड्ड्यात गाडा.

फळ संपलं की लोक झाडाकडे बघत नाहीत, आणि पुढच्या वर्षीचं फळ तिथेच ठरतं. मोठी छाटणी मेमध्ये, फळ उतरल्यावर लगेच, पावसाच्या आधी. झाड हात पोचेल एवढ्या उंचीवर आणा, फळं देऊन झालेल्या काड्या काढा, म्हणजे पावसाळ्यात नवीन काडी फुटते आणि तीच जानेवारीत फुलते. भर पावसात मोठे काप घेऊ नका, डिंक वाहतो. छाटलेल्या फांद्या शेळ्या-गुरांपुढे टाकू नका बरं का, पीचचं पान, त्यातही सुकत आलेलं, विषारी असतं, सायनाइड तयार होतं त्यातून. पावसाळ्यात पानाच्या मागे तपकिरी पावडरीचे ठिपके दिसले की तांबेरा. त्याने सप्टेंबरात पानं गळाली की झाड गोंधळतं आणि ऑक्टोबर हीटमध्येच फुलतं, तो बहार वाया. म्हणून आतली गर्दी ऑगस्टमध्ये थोडी मोकळी करा, वारा खेळू द्या, आणि उघडीप मिळाली की पाण्यात मिसळणारं गंधक फवारा, कडक उन्हात नको.

काढणीचं म्हणाल तर लाल रंगाला भुलू नका. या जातींना लाली फार लवकर येते, फळ दगड असताना सुद्धा. लालीच्या मधून दिसणारा मूळ रंग बघायचा, देठाजवळच्या खळगीत तो सगळ्यात स्वच्छ दिसतो. हिरवा असेल तर थांबा, हिरवटपणा जाऊन पिवळसर झाला आणि वासाची पहिली झुळूक आली की तळहातात धरून अलगद पिरगाळा. बोटाने दाबून बघू नका, दाबलेली जागा दुसऱ्या दिवशी काळी. सगळी फळं एकदम येत नाहीत, वरची आधी, आतली नंतर, दोन-तीन दिवसांआड फेरी मारावी लागते. सकाळी लवकर काढा.

काढलेलं फळ घरात टोपलीत, एकावर एक न रचता, कागदावर दोन-तीन दिवस ठेवा, आंब्यासारखं ते झाडावरून काढल्यावरही पिकतं. फ्रिजमध्ये कच्चं ठेवायचं नाही, हे लक्षात ठेवा, ३ ते ७ अंशांच्या आसपास, म्हणजे नेमकं घरच्या फ्रिजच्या तापमानाला, अर्धकच्चं पीच पिठूळ आणि कोरडं होतं, वरून छान, आत कापूस. विकतच्या पीचची तक्रार बऱ्याचदा हीच असते. पूर्ण पिकल्यावर मग दोन-चार दिवस फ्रिज चालतो.

चवीबद्दल खरं सांगायचं तर लवकरचं पीच हे जुलैच्या डोंगरी पीचएवढं गोड नसतं. रसाळ, थोडं आंबट, आणि गर कोयीला चिकटलेला. त्यामुळे दोन भाग करून कोय टपकन काढायचे व्हिडिओ बघून प्रयत्न करू नका, आंब्यासारख्या चार फोडी कोयीलगत कापून घ्यायच्या आणि कोय चोखायला पोरांना द्यायची. कोय फोडून आतलं बी मात्र कोणी खायचं नाही, त्यात तेच पानातलं विष असतं.

हा आंबटपणा आपल्या स्वयंपाकाला उलट सोयीचा आहे. वाऱ्याने पडलेली हिरवी, लिंबाएवढी फळं फेकू नका, जाड मिठाने चोळून लव काढा, धुवा, कोय टाकून गर किसा आणि कैरीच्या जागी वापरा, आमटीत, भेळेत, कांद्याबरोबर तिखट-गूळ घालून तक्कूसारखं, छान लागतं. पिकलेल्याचं पन्हं पण होतं, फळं उकडून साल आणि कोय काढायची, गर गुळात आणि वेलचीत घोटायचा, चिमूटभर मीठ आणि केशर असेल तर दोन काड्या, एप्रिलच्या दुपारी यापुढे बाटलीतलं काही नको वाटतं. कोशिंबिरीत पीच, काकडी, दाण्याचं कूट, लिंबू, वरून जिऱ्याची फोडणी. फोडी कापून ठेवायच्या असतील तर लिंबू चोळा, नाहीतर काळ्या पडतात.

आणि जास्त झाली तर मुरांबा. साल काढायला फळं उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट आणि लगेच गार पाण्यात, पिकलेली असतील तर साल बोटाने सरकते, नाही सरकली तर फळ अजून कच्चं आहे, ते परत टोपलीत. एक किलो फोडींना पाऊण किलो साखर, रात्रभर झाकून ठेवा, सकाळी स्वतःचंच एवढं पाणी सुटलेलं असतं की वरून थेंब घालावा लागत नाही. आधी तो पाक एकटाच आटवा आणि घट्ट व्हायला लागला की मग फोडी सोडा, नाहीतर फोडींचा लगदा होतो, कारण या जातीचा गर मऊ. पीच स्वतःहून फारसं जमत नाही म्हणून दोन लिंबांचा रस घालायचाच, चार लवंगा, वेलची. पाक एकतारीच्या थोडा पुढे गेला की गॅस बंद. पूर्ण गार झाल्यावर कोरड्या काचेच्या बरणीत भरा आणि फ्रिजमध्ये ठेवा, पोळीबरोबर संपतो, सहसा पावसाळ्यापर्यंत पोचत नाही.